जुन्याच कोडावर नवं गाणं

दादांनी एकदा ठरवलं की ठरवलं. मग समोर डॉक्टर असो, बायको असो, नाहीतर गाण्यांना नंबर देणारी कचेरी असो. या वेळी कचेरी होती.

कचेरी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं आणि सदानकदा कुरकुरणारा पंखा. गायकांकडून गाणी घ्यायची, त्यांना कोड लावायचे आणि गाण्याच्या सगळ्या ॲप्सवर चढवायची, हा त्यांचा धंदा. तिथल्या बाईंनी दादांनी भरलेली माहिती स्क्रीनवर वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अल्बमला बारकोड नवा घेतलात, ते बरोबर. पण गाण्याला जुनाच कोड कसा लावलात?"

"मुद्दाम लावलाय."

"अहो, बारकोड अख्ख्या अल्बमचा असतो. हा दुसरा कोड एकेका रेकॉर्डिंगचा. गाणं तेच असलं तरी पुन्हा गायलात की रेकॉर्डिंग नवं, आणि कोडही नवा."

"गाणं तेच, चाल तीच, गळा माझाच! माणूस दाढी करून आला की त्याला नवं नाव ठेवता का तुम्ही?"

बाईंनी दिवसभरात असले पुष्कळ गायक पाहिले होते. "मशीन कोड बघतं, दाढी बघत नाही," एवढं म्हणून त्यांनी बटण दाबलं. वाद घालायचा पगार त्यांना मिळत नव्हता.

आता दादांचं खरं दुखणं काय होतं ते सांगतो. नवा कोड म्हणजे ऐकणाऱ्यांचा आकडा शून्यापासून सुरू. जुन्या कोडाखाली लाखो लोक जमले होते, आणि ते सोडायला दादांचा जीव होत नव्हता. पण त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये धाकटा होता. वरचा आवाज दादांचा, खालचा धाकट्याचा. वीस वर्षं दोघं जोडीनं गायले, आणि वीस वर्षं दादा स्टेजवर सांगत आले, "हा माझा धाकटा भाऊ, साथीला असतो." एक दिवस धाकटा म्हणाला, "दादा, साथ संपली," आणि उठून गेला. तेव्हापासून बोलणं बंद. लोक मात्र मेले खोचकच. भेटेल तो विचारायचा, "तो खालचा आवाज हल्ली दिसत नाही?" हे ऐकलं की दादांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून त्यांनी तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. वाद्यं तीच, लय तीच, जागा न् जागा तीच. फरक एवढाच की दोन्ही आवाज दादांचे. धाकट्याशिवाय गाणं उभं राहतं, हे त्यांना जगाच्या नाकावर टिच्चून सिद्ध करायचं होतं. जुन्या अल्बममधून ते गाणं काढून टाका, असंही त्यांनी कचेरीला कळवलं. पुराव्यालासुद्धा धाकटा शिल्लक नको!

गाणं ॲपवर आलं त्या संध्याकाळी दादांनी घरी माणसं बोलावली. शिष्य, शेजारी, नवं गाणं ध्वनिमुद्रित करणारा रेकॉर्डिंगवाला, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आई. बायकोनं खुर्च्या कमी पडल्या म्हणून पलंगावर चादर बदलली होती. भिंतीवरच्या टीव्हीवर अल्बमचं चित्र झळकलं. एकटे दादा, हाताची घडी, हनुवटी वर. दादांनी घसा साफ केला, गाणं लावलं, आणि ते वाजत असतानाच बोलायला लागले. ऐकणाऱ्यावर सोडून देतील तर ते दादा कसले!

"वरचा आवाज सोडा हो, तो कुणीही लावेल. तुम्ही खालचा ऐका. हं, इथे! बघा कसा गुपचूप आला. नाहीतर हे गाणं उघडं पडलं असतं."

शिष्यांनी माना डोलावल्या.

"लोकांना वाटतं, ही नुसती साथ. साथ कसली डोंबलाची! सगळा भार यानं उचललाय. वरचा मिरवतोय तो याच्या जिवावर." दादांचे डोळे खरोखरच भरून आले. "आणि हा श्वास ऐका. ओळीच्या आधी घेतलेला. इतका खरा श्वास शिकवून येत नाही."

रेकॉर्डिंगवाला मघापासून चुळबुळत होता. तो दादांच्या कानाशी वाकला, पण आयुष्यभर हेडफोन लावलेल्या माणसाला हळू कुठलं बोलता येतंय!

"दादा, तुमचे श्वास तर मी सगळे कापले होते. तुम्हीच सांगितलंत, धाप ऐकू येते म्हणून."

"मग हा कुणाचा?"

"ही माझी फाइलच नाही. कोड जुना लावलात ना? मशीनला वाटलं रेकॉर्डिंग तेच आहे. त्यानं चित्र तुमचं नवं घेतलं आणि गाणं जुनंच ठेवलं."

खोलीत कुणी हसलं नाही, हेच जास्त वाईट झालं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं पदराआड तोंड लपवलं. टीव्हीवर दादांचा एकट्याचा फोटो होता आणि धाकटा निवांत दुसरं कडवं गात होता. स्वतःचा म्हणून ज्या आवाजाला डोक्यावर घेतलं, तो दादांना ओळखूसुद्धा आला नव्हता. त्यांनी घाईघाईनं रिमोट शोधला. तो आईच्या खुर्चीपाशी होता.

आईनं रिमोट दिला नाही. तिनं मांडीवरचा फोन उचलून पुढे केला.

"घे. मी त्याला म्हटलं, दादाचं नवं गाणं आहे, राग सोड आणि निदान ऐक तरी. पहिल्यापासून ऐकतोय तो."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं! दादांनी फोन कानाला लावला. पलीकडे आधी श्वास ऐकू आला, तोच, ओळीच्या आधीचा.

"एवढं चांगलं गातो का रे मी, दादा?" धाकटा म्हणाला. "वीस वर्षांत कधी बोलला नाहीस."

"बोललो की आत्ता," दादा कसंबसं म्हणाले. "चारचौघांत बोललो."

"हो. स्वतःचा आवाज समजून."

दादांनी फोन ठेवला नाही, तसाच कानाला धरला. शिष्य जमिनीकडे बघत बसले होते, आणि गाणं अजून चालूच होतं.