दुखणं थांबलं तो शुक्रवार

मी एक पलंग आहे. पण झोप काढायला माझ्याकडे कधी कुणी आलं नाही. जे आले ते कण्हत आले, कमरेवर हात ठेवून आले, नाहीतर एक खांदा दुसऱ्या हातानं सावरत आले. माझी रुंदी एका माणसापुरती, उंची माझ्यावर माणसांना तपासणाऱ्या नझीहाच्या कमरेइतकी, अंगावर तपकिरी रेक्झिन आणि डोक्याकडे एक गोल भोक. पालथं झोपलेल्या माणसानं तोंड त्या भोकात घालायचं आणि खालच्या फरशीकडे बघत राहायचं. त्या फरशीवर मी किती आसवं टपकताना पाहिली, ते मलाच ठाऊक.

आमचं गाव ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरापासून मोटारीनं तासाभरावर आहे. जिकडे बघाल तिकडे ऑलिव्हची झाडं. हिवाळ्यात सगळं गाव झाडांखाली चादरी अंथरून असतं. पुरुष शिड्यांवर चढतात, बायका खालच्या फांद्या झोडपतात आणि फळं निवडतात. त्या शिड्या बनवायचा तिजानी सुतार. मलाही त्यानंच बनवलं.

तिजानीला मूलबाळ नव्हतं, बायको लवकर वारली होती. बहिणीच्या पोरीला, नझीहाला, त्यानं लहानाचं मोठं केलं. ती ट्युनिसला जाऊन फिजिओथेरपी शिकून आली तेव्हा त्यानं रस्त्याकडची खोली रिकामी करून दिली आणि बीच नावाच्या टणक लाकडाच्या फळ्या घेऊन मला बनवायला बसला. माझा एकेक सांधा त्यानं तीनतीनदा तपासला. शेवटी माझ्यावर चढून दोन्ही पायांनी उड्या मारल्या.

"मामा, अरे मोडेल ना!" नझीहा ओरडली.

"माझ्यानं मोडला तर तुझ्या त्या जाड्याजुड्या पेशंटांचं काय होणार? आत्ताच मोडू दे," तो म्हणाला. मी मोडलो नाही.

सुरुवातीला गावानं नझीहाची खूप थट्टा केली. "चार वर्षं शिकून मालीशवाली झाली," असं समोरच्या कॉफीच्या दुकानात बसणारे पुरुष तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. दुखलं की औषधाच्या दुकानात जाऊन सुई टोचून घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचं, ही गावाची रीत. व्यायामानं दुखणं बरं होतं हे कुणाला पटत नव्हतं. जे आधीच दमलेत त्यांना ही आणखी हातपाय हलवायला सांगते, म्हणून बायका हसायच्या.

गावाचं मन फिरवलं ते मबरूकानं. पन्नाशीची बाई, तोंडानं फटकळ. तीस हंगाम डोक्याच्या वर हात करून तिनं ऑलिव्ह उतरवलं होतं. बोटांत बकऱ्याच्या शिंगांची टोपणं घालून फांदी विंचरायची, दिवसाला हजारो वेळा. तिसाव्या हंगामानंतर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला.

"डोक्याचा रुमाल सून बांधून देते गं मला," ती माझ्या कडेवर बसून म्हणाली. "आणि बांधताना असा आवळते, जशी काही बकरीच दावणीला बांधतेय. काहीही कर, पण मला तिच्या हातातनं सोडव."

नझीहानं आधी खूप वेळ नुसतं विचारलं. कधी दुखतं, कुठे दुखतं, रात्री कुशीवर झोपता येतं का. मग मला टेकून उभं राहून पुढे वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, असं शिकवलं. मग भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. जिथपर्यंत बोटं पोचतील तिथे ती पेन्सिलीनं रेघ मारायची. पुढे झाडूचा दांडा आला, रबरी पट्टा आला.

मबरूका घरी व्यायाम करायची नाही आणि नझीहापुढे शपथा घ्यायची. ती एकटीच नव्हे, सगळेच तसे. माणसं यायच्या दिवशी सकाळी घाईघाईनं दोनदा हात फिरवतात आणि सांगतात, रोज केला. आखडलेलं अंग माझ्यावर पडलं की मला लगेच कळायचं, आणि नझीहाला तिच्या बोटांनी कळायचं. ती रागवायची नाही. म्हणायची, "मावशी, रेघ खोटं बोलत नाही." भिंतीवरची रेघ दोन आठवडे तिथंच होती. त्यानंतर मबरूका खरंच व्यायाम करू लागली. चौथ्या महिन्यात ती आली ती दारातच थांबली. रुमाल सोडला, दोन्ही हात डोक्यामागे नेले आणि स्वतः गाठ मारली. मग ती येऊन माझ्यावर बसली आणि मन भरून रडली.

मग माणसं येऊ लागली. गुडघेवाली आजी, मान धरलेला ड्रायव्हर, शिडीवरून पडून घोटा मुरगळलेला गडी. हंगाम सुरू व्हायच्या आधी नझीहा बागांत जाऊ लागली. पोतं उचलताना पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा, पोतं पोटाशी धरा. तासाभरानं हात खाली सोडा, खांदे फिरवा. शिडी सरकवत राहा, लांब हात करून ताणू नका. पुरुष हसत हसत का होईना, करायचे. त्या वर्षी माझ्याकडे निम्मीच माणसं आली. धंदा बुडाला म्हणून मबरूकानं नझीहाला चिडवलं, तेव्हा ती खूश होऊन हसली होती.

एक माणूस मात्र माझ्यावर कधी झोपला नाही. ज्यानं मला बनवलं तो.

तिजानीची पाठ कित्येक वर्षांपासून दुखत होती. जाड फळ्या तो एकटा उचलायचा, दिवसभर रंध्यावर वाकलेला असायचा. शेजारच्याच खोलीत त्याचं दुकान, त्यामुळे त्याचा प्रत्येक 'आह' मला भिंतीतून ऐकू यायचा. पुढे पुढे मशिदीत तो खुर्चीवर बसून नमाज पढू लागला. लोकांना सांगायचा, गुडघा दुखतो.

"मामा, एकदा झोप इथे. मला बघू दे," नझीहा म्हणायची.

"भाचीपुढे सदरा काढून पालथा पडू? उद्या कॉफीच्या दुकानात काय तोंड दाखवू?"

"मी सगळ्या गावाच्या पाठी बघते."

"गावाच्या बघ. गावानं तुला अंगाखांद्यावर खेळवलं नाही. आणि पाठ आहे ती, सुताराची. दुखणारच. दुखायची थांबली तर मी सांगेन तुला."

नझीहा जेवताना त्याला व्यायाम सांगायची, तो भाकरी मोडत मान डोलवायचा. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून सुई टोचून यायचा. ती थकून विषय सोडून द्यायची. परक्यांवर चिडता येत नाही म्हणून माणूस त्यांना समजावत राहतो. घरच्यावर चिडतो आणि सोडून देतो. हे मी त्या खोलीत फार पाहिलं.

असाच एक नोव्हेंबरचा शुक्रवार. हंगाम तोंडावर आला होता, वीस शिड्या दुरुस्तीला पडल्या होत्या. दुपारच्या नमाजेला निघण्याआधी तिजानी नझीहाच्या खोलीत आला. धुतलेला जुब्बा, अंगाला अत्तराचा वास, चेहऱ्यावर हसू.

"घे. तुझ्या व्यायामाशिवाय बरी झाली माझी पाठ! कालपासून दुखायची थांबली."

आणि तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कडेवर बसला.

नझीहा हसली नाही. आत येताना त्याची उजवी चप्पल फरशीवर घासत आली होती, तो आवाज तिनं ऐकला होता. ती त्याच्यासमोर खाली बसली. "मामा, पायाची बोटं वर उचल." डाव्या पायाची उचलली. उजव्या पायाची नीट उचलली नाहीत. "गार पडलाय पाय," तो म्हणाला.

"मांडीच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी, मुंग्या येतात? बधीर वाटतं?"

"नाही."

मग ती मान खाली घालून म्हणाली, "लघवीला त्रास होतोय का? व्हायला वेळ लागतो? कळत नाही असं होतं?"

तिजानीचा चेहरा लाल झाला. "लाज नाही वाटत? मामाला असलं विचारतात?"

"विचारावं लागतं, मामा. तसं असेल तर आज, आत्ता दवाखान्यात जायला हवं. खरं सांग."

"काही त्रास नाही मला. सगळं व्यवस्थित आहे."

तो खोटं बोलत होता. मला माहीत होतं. माझ्यावर बसलेल्या माणसाला आपण कशावर बसलोय हे कळत असतं; तो जागा चाचपल्यासारखं सारखं बूड हलवतो. तिजानी दगडासारखा बसला होता. माझ्या कडेचा एक खिळा जरा वर आला होता, तो त्याला टोचत होता आणि त्याला पत्ता नव्हता. मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो.

"तरीपण आपण आजच स्फाक्सला जाऊ," नझीहा म्हणाली. "मी गाडी सांगते."

"शिड्या कोण देणार लोकांना? सोमवारी जाऊ. नक्की. तुझी शपथ." तो उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चप्पल घाशीत निघून गेला. ती दारापर्यंत गेली. हाक मारायला तोंड उघडलं, पण समोर कॉफीच्या दुकानात माणसं बसली होती. तिनं हाक मारली नाही.

रविवारी सकाळी शेजारच्या दुकानात शिडी पडल्याचा आवाज झाला, मग माणूस पडल्याचा. दोन्ही पाय गेले होते. कपडे ओले झाले होते.

स्फाक्सच्या मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पाठीच्या मणक्यातली गादी सरकून खालच्या सगळ्या नसा चेपल्या होत्या; दुखणं थांबलं होतं ते त्या बधीर झाल्यामुळे. डॉक्टरांनी नझीहाला बाजूला घेऊन विचारलं, बधीरपणा कधीपासून होता? गुरुवारपासून, असं तिजानीनं त्यांना सांगितलं होतं. परक्या डॉक्टराला त्यानं खरं सांगितलं. तेव्हा लगेच आणलं असतं तर बरीच आशा होती, इतकंच डॉक्टर बोलले.

महिन्याभरानं दोघा शेजाऱ्यांनी उचलून त्याला माझ्यावर ठेवलं. डावा पाय परत येत होता, उजव्याचा पंजा लोंबत होता आणि लघवीची नळी कायमची लागली होती. ज्या माणसानं माझ्यावर उड्या मारल्या होत्या, त्याचं वजन मला आता एखाद्या घोंगडीइतकं वाटलं.

नझीहानं त्याचा सदरा काढला, पाय हातात घेतला आणि पंजा हळूहळू वर दाबू लागली.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," तो छताकडे बघत म्हणाला.

"माहीत आहे, मामा."

"तेव्हाच माहीत होतं?"

तिचे हात थांबले. "वाटलं होतं. पण ऐकायला मलाही नकोच होतं. आणि मी तुला जाऊ दिलं." मग तिनं पंजा पुन्हा धरला. "दहापर्यंत मोज. मोठ्यानं."

तो मोजू लागला. सहावर तो अडखळला, तरी त्यानं दहापर्यंत मोजलं.

पाच महिने तो रोज आला. आधी बसायला शिकला, मग माझी कड धरून उभा राहायला, मग पायाला पट्टी बांधून काठीच्या आधारानं चालायला. एवढं तरी मिळालं ते त्या व्यायामांनीच. पण रंध्यापुढे उभा राहणारा तिजानी परत आला नाही. दुकानाचं दार बंद झालं. गावानं शिड्या शहरातून आणायला सुरुवात केली, ॲल्युमिनियमच्या.

त्यानंतर तो रोज आमच्या दाराशी स्टूल टाकून बसायचा. आत यायला लाजणाऱ्या पुरुषांना हटकायचा. "काय रे, पाठ धरून चाललायस? जा आत. आणि ती विचारेल ते सगळं सांग. लघवीचंसुद्धा. मी लाजलो, हे बघ," असं म्हणून जुब्बा वर करून पायाची पट्टी दाखवायचा. माणसं खाली मान घालून आत यायची.

दोन हिवाळे त्यानं असे काढले. तिसऱ्या हिवाळ्यात छातीत कफ भरला आणि चार दिवसांत तो गेला.

चाळीस दिवस खोली बंद होती. एक्केचाळिसाव्या दिवशी नझीहानं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, रेक्झिनवरची धूळ पुसली. मग दार आतून लावून ती स्वतः माझ्यावर पालथी झोपली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. तोंड त्या गोल भोकात घातलं. खालच्या फरशीवर टपटप थेंब पडत राहिले. बाहेर कुणीतरी दार वाजवलं तेव्हा ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "या आत. कधीपासून दुखतंय?"

आता मी तिच्याकडे नाही. सरकारी आरोग्य केंद्रात तिला मोठी खोली मिळाली आणि बटण दाबलं की वर उचलला जाणारा लोखंडी पलंग मिळाला. मला मबरूका आपल्या अंगणात घेऊन आली. माझं रेक्झिन फाटलंय, आतला स्पंज कोंबड्यांनी टोचलाय. मबरूकाची सून माझ्यावर स्वच्छ चादर अंथरून कुसकुसचे रवाळ दाणे वाळवते. बरं वाटतं, पण त्याला माणसाची ऊब नाही.

नझीहा अजून दर हंगामाला बागेत जाते. झाडाखाली सगळ्यांना उभं करून खांदे फिरवायला लावते आणि मग मामाची गोष्ट सांगते, नाव घेऊन सांगते. मबरूका घरी येऊन ते सगळं सुनेला ऐकवते, म्हणून मला कळतं.

तुमच्यापैकी कुणाचं काही दुखत असेल, तर एवढंच मागणं आहे. लवकर जा. सांगितलेला व्यायाम करा. आणि समोरच्यानं खाली मान घालून, अवघडून काही विचारलं, तर रागावू नका. त्यालाही विचारणं सोपं गेलेलं नसतं. त्याला खरं सांगा, त्याच दिवशी सांगा. सोमवारची वाट बघू नका.