तार डोक्यावर, अंधार दारात

उन्हात तापलेला, पायथ्याशी गंजलेला विजेचा खांब तुम्ही पाहिला असेल. तोच मी, मित्रांनो! फुशारकी मारत नाही, पण माझी हकीकत ऐकण्यासारखी आहे.

मूळचा मी आगगाडीचा रूळ. झिजलो, निकामी ठरलो आणि त्र्याहत्तर साली बैलगाडीतून रिठद गावी आलो. नाल्याकाठच्या मजूरवस्तीत, कमलीबाईच्या अंगणात मला उभं केलं. डोक्यावर तारा बसवल्या. त्या जातात तरी कुठं, याचं मला भारी कुतूहल! पलीकडे बागायतदार दौलतरावांच्या मळ्यात विहिरीवरची मोटार घुमू लागली, तेव्हा उलगडा झाला. वस्तीवरून वीज जाई आणि खाली घरोघर रॉकेलची चिमणी मिणमिणे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा!

कमलीबाई वस्तीची सुईण. चिमणीच्या उजेडात नाळ कापताना हात चाचपडे, जीव टांगणीला लागे. त्यातच तिची सून गोजरा पोटुशी होती.

अशात गावासाठी रस्त्यावरचा एकच दिवा मंजूर झाला. नकाशा घेऊन वीज मंडळाचे साहेब माझ्यापाशी थांबले. सोबत किराणा दुकानदार इंदरचंद शेठ. दिवा शेठच्या दुकानासमोर लागणार होता. बाजारात उजेड हवाच, असं साहेबांचं म्हणणं. अंगण सारवणारी कमलीबाई शेणाच्या हातांनीच पुढं आली.

"शेठ, तुमी तं जैन मानूस. दिवस बुडायच्या आत जेवता, दुकानबी लावून घेता. मंग तो दिवा कोनासाठी?"

साहेब वैतागले. मी मात्र कान टवकारले. शेठनी नकाशावर आपल्या दुकानाच्या खुणेवर बोट ठेवलं. गावातला पहिला दिवा आपल्या दारात, हा मान सोडवतो का कुणाला?

शेवटी ते म्हणाले, "साहेब, बाई खरं बोलून राह्यली. दिव्यावर किडे येऊन मरतीन, ते पाप माह्या दारात कायले? दिवा इथंच लावा."

आणि लागला की हो माझ्या खांद्यावर दिवा! थोड्याच दिवसांनी, दिवेलागणीला गोजरा बाळंत झाली. दारातून माझा उजेड थेट खाटेपर्यंत पोचत होता. कमलीबाईचा हात या वेळी चाचपडला नाही. मग नात फडक्यात गुंडाळून ती माझ्याखाली आली आणि निरखून पाहू लागली.

"माय वो, हिच्या गालावर तीळ हाये," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. आजवर रात्री-अपरात्री कितीतरी लेकरं तिच्या हातात जन्मली, पण जन्मल्या जन्मल्या तोंड असं धड कुणाचंच दिसलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्या दिव्याला दगड मारू नका. आणि मोठेपणी तुम्हीच नकाशे काढायला बसलात, तर दिवा कुठं शोभतो ते नंतर बघा. आधी पायी फिरा आणि अंधार कुणाच्या घरात आहे ते विचारून या.