समुद्राखालून आलेले अठरा

स्नेहल सुखरूप वर आली. दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी, दोन सहकाऱ्यांसकट, हातपाय शाबूत, फक्त कडकडून भूक लागलेली.

हे वाक्य अजून कोणी वाचलेलं नाही. असं काही अजून घडलेलंच नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आत्ता सकाळचे साडेसात वाजलेत, स्नेहल अजून खालीच गेलेली नाही, आणि तिचे वडील मारोती ठवकर हॉलमधल्या टेबलावर एक मोठा कागद पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवताहेत, पंख्यानं उडू नये म्हणून. पंखा बंद करता आला असता. पण मारोतीराव छत्तीस वर्षं रेल्वेत स्टेशन मास्तर होते. चालू असलेली गोष्ट बंद करायला त्यांना लेखी आदेश लागतो.

कागदावर त्यांनी गाड्यांचा काढतात तसा तक्ता काढला होता. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि तिरपी रेघ म्हणजे गाडी. फक्त स्टेशनांच्या जागी इथं मीटर होते. वर शून्य, मग पाचशे, हजार, असं करत करत खाली बावन्नशे. बावन्नशेपाशी लाल शाईत ‘तळ’ लिहून, शंका नको म्हणून शेजारी ‘टर्मिनस’ही लिहिलं होतं.

रायपूरहून समुद्र कोणत्याही दिशेनं गेलं तरी लांबच पडतो. अशा गावातली, बूढा तालाबाच्या पलीकडे मोठं पाणी न पाहिलेली पोट्टी समुद्रतळाशी जाणाऱ्या संशोधन पाणबुडीवर इंजिनियर कशी झाली, हे मारोतीरावांना आठ वर्षांत कळलं नव्हतं. पाणबुडीचं सरकारी नाव ‘शुक्तिका’. टायटॅनियमचा एक गोळा, आतून जेमतेम दोन मीटर, त्यात तीन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. एक चालवतो, एक शास्त्रज्ञ खिडकीतून बघतो, आणि तिसरी स्नेहल, जी आतली श्वासाची हवा सांभाळते. तिच्या आईनं, शारदाबाईंनी, फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “हे तर झाकण लावलेली पाण्याची गुंडी आहे.” तेव्हापासून घरात पाणबुडीचं नाव गुंडी.

“पाच किलोमीटर म्हणजे काय मोठं?” मारोतीराव आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. “इथून निघालं तर गावातलं टाटीबंधही येत नाही.” हे ते इतक्या वेळा म्हणाले की शेवटी शारदाबाईंनी विचारलं, “मंग रात्री उठून उठून पाणी काहून पिता?”

त्यांना खोलीची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती दुसऱ्या टोकाची. गाडी एका स्टेशनावरून सुटते तेव्हा पुढच्या स्टेशनावर एक मास्तर बसलेला असतो. तो फोनवर ‘या’ म्हणतो, गाडी पोचली की ‘पोचली’ म्हणतो. समुद्राच्या तळाशी मास्तर नाही. गाडी सोडायची आणि पुढं कोणीच नाही, ही कल्पना त्यांच्या छत्तीस वर्षांत बसत नव्हती.

म्हणून त्यांनी स्नेहलला प्रायव्हेट नंबर दिले होते.

रेल्वेत ‘या’ तर कोणीही म्हणेल. म्हणून मास्तर त्यासोबत स्वतःजवळच्या गुप्त यादीतला दोन आकडी नंबर सांगतो. एक वापरला की खोडायचा, पुढच्या वेळी त्याच्या खालचा. मारोतीरावांनी वीस नंबरांची यादी करून दोन प्रती काढल्या, एक स्वतःजवळ ठेवली, एक स्नेहलच्या खिशात.

“बाबा, जहाजावरून तुम्हाला मेसेज येईलच न, सब ठीक म्हणून,” स्नेहल म्हणाली होती.

“सब ठीक तर तुझी आई तिच्या भावालेही सांगते. नंबर पाहिजे.”

आठ वाजता जहाजानं गुंडी पाण्यात सोडली. किनाऱ्यावरच्या ऑफिसात घरच्यांना खबर द्यायला शिशिर नावाचा एक तरुण अधिकारी नेमला होता. त्याचा मेसेज आला आणि मारोतीरावांनी तिरप्या रेघेचा पहिला ठिपका दिला. तेवढ्यात पुरानी बस्तीतून भैय्यालाल आले. हे निवृत्त गार्ड. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागं बघत आलेला माणूस. त्यांनी तक्ता पाहिला, मग पाणबुडीचा फोटो.

“ठवकर साहब, इसमें गार्ड कहाँ बैठता है?”

“गार्ड नाही यात.”

“बिना गार्ड के गाड़ी छोड़ दिए?” भैय्यालाल खुर्चीत बसले आणि पुढचा तासभर उठले नाहीत.

पाचशे, हजार, दोन हजार. दर अर्ध्या तासाला मेसेज येत होता, रेघ सरळ उतरत होती. शारदाबाई भजी तळत होत्या आणि विलक्षण शांत होत्या. आतून मधूनच गुणगुणणं येत होतं. हे मारोतीरावांना खटकलं. पण त्यांच्या हातात पेन्सिल होती, आणि पेन्सिल हातात असताना ते संसाराकडे बघत नसत.

दहा पंचावन्नला फोन वाजला. शिशिर स्वतः बोलत होता.

“अंकल, बधाई! तल पर पहुँच गए. सब ठीक है. नीचे से एक नंबर भी आया है. अठारह.”

मारोतीरावांनी यादी पाहिली. पहिला नंबर होता त्रेसष्ट. अठरा दुसरा होता.

“एक बार फिर देखो बेटा. त्रेसष्ट होगा. सिक्स थ्री.”

“नहीं अंकल, अठारह. दो बार बोला है.”

मारोतीरावांनी फोन ठेवला. चुकीचा नंबर म्हणजे गाडी पोचलेली नाही. गाडी पोचलेली नाही आणि कोणीतरी म्हणतंय पोचली. रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकात याला एकच उत्तर आहे, सगळं जिथल्या तिथं थांबवा. पण थांबवायचं काय? समुद्र?

“त्रेसष्ट गिळला कोणी?” ते भैय्यालालना म्हणाले. “माही पोरगी नंबर चुकत नाही. पाचवीत असतानाच टाइमटेबल पाठ म्हणायची.”

“हव,” भैय्यालाल गंभीर होऊन मान डोलवत म्हणाले. “गड़बड़ है.”

अकरा पंचवीसचा मेसेज आला नाही. साडेअकराला नाही. पस्तीसला मारोतीरावांनीच फोन लावला. शिशिरचा आवाज आता अधिकाऱ्यासारखा झाला होता, म्हणजे काहीतरी नक्की घडलं होतं.

घडलं ते असं. गुंडीतून वर बोलायचं ते आवाजाच्या लाटांनी, पाण्यातून. शब्द वर यायला तीनचार सेकंद लागतात, म्हणून थोडकं बोलतात. त्या थोडक्यात ‘अठरा’ आलं. जहाजावरच्या मोठ्या साहेबांनी बिघाडांचं पुस्तक उघडलं. अठरा नंबरचा बिघाड, ‘खिडकीवर जिवंत प्राणी चिकटला आहे.’ त्यांनी खाली विचारलं, कोणता प्राणी? खालून आलं, कसला प्राणी? वरच्यांनी विचार केला, खिडकीवर प्राणी आहे आणि आतल्या तिघांनाही तो दिसत नाही, म्हणजे आतली हवा बिघडून डोक्यावर परिणाम झालेला असू शकतो. तेव्हा त्यांनी डॉक्टरांना बोलावलं.

“और अंकल,” शिशिर हळू आवाजात म्हणाला, “फिर इंजीनियर मैडम ने नीचे से कहा कि अठारह उनके बाबा का है. डॉक्टर साहब ने ये बात नोट की है.”

“मग?”

“तो दस मिनट में वजन गिराकर ऊपर आने का आदेश देंगे. एहतियात के तौर पर.”

“द्या!” मारोतीराव ओरडले. “तुरंत दो!” आणि फोन ठेवला.

शारदाबाई झारा घेऊन बाहेर आल्या. “काय झालं?”

“नंबर चुकला तिचा. त्रेसष्ट पाहिजे होता, अठरा दिला. डोक्यावर परिणाम झाला म्हणते डॉक्टर.”

“त्रेसष्ट माह्याजवळ आहे,” शारदाबाई म्हणाल्या.

मारोतीरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

“तुह्याजवळ कसा?”

“सकाळी साडेपाचले फोन आला होता तिचा. तुम्ही आंघोळीले गेले होते. म्हणाली, आई, तुले काही सांगायचं आहे का? मी म्हटलं, मले काही नाही सांगायचं, मलेही एक नंबर दे. बापालेच काहून देते नेहमी? तर दिला तिनं. त्रेसष्ट. देवाजवळ ठेवला आहे लिहून.”

“अन् मले सांगितलं नाही?”

“माहा आहे तो. तुमच्याजवळ एकोणीस आहेत न.”

मारोतीरावांनी यादी पुन्हा पाहिली. पहिला आईला दिला, खोडला, मग दुसरा बापाला. नियमाप्रमाणे. दीड हजार पानी पुस्तकातल्या नियमाप्रमाणे, समुद्राच्या तळाशी, अंधारात, गुडघे पोटाशी घेऊन. पोरीचं डोकं जागेवर होतं. जहाजावरच्या सगळ्या डोक्यांपेक्षा जास्त जागेवर होतं. त्यांच्या छातीतून असा काही श्वास सुटला की तक्त्यावरची एक वाटी हलली.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पाण्याच्या वर, अख्ख्या जगात, ही गोष्ट फक्त या खोलीत माहीत आहे.

आपण गप्प बसलो तर सहा मिनिटांत आदेश जाणार. अडीच-पावणेतीन तासांत पोरगी वर. संध्याकाळच्या आत बिस्किटं खात डेकवर. सांगितलं तर ती आणखी दीड तास तिथंच, त्या मास्तर नसलेल्या टर्मिनसवर, आणि मग पुन्हा तेवढंच वर यायचं.

“काहून सांगता?” शारदाबाई त्यांचं तोंड बघूनच म्हणाल्या. “येऊ द्या न वर. हवापाणी पाहून आली, बस झालं.”

“हव,” भैय्यालाल म्हणाले. “गाड़ी वापस आ जाए तो किसका क्या बिगड़ता है?”

मारोतीरावांनी घड्याळाकडं पाहिलं. छत्तीस वर्षांत त्यांनी किती गाड्या अडवल्या होत्या, रूळ तडकला म्हणून, म्हैस बसली म्हणून, एकदा वरात आडवी आली म्हणून. पण गाडी नीट चालत असताना, फक्त आपल्या जिवाला बरं वाटावं म्हणून लाल दिवा कधी दाखवला नव्हता. आणि या गाडीत बसायला ती आठ वर्षं प्लॅटफॉर्मवर उभी होती. एकदा अशी बोलावून घेतली की डॉक्टरची नोंद राहते. पुन्हा खाली कोण सोडणार, बाबाचे अठरा आहेत म्हणणाऱ्या बाईला?

“शारदा,” ते म्हणाले, “तुह्या त्रेसष्टची शपथ आहे तुले, आता मध्ये बोलू नको.”

त्यांनी फोन लावला.

“बेटा, वो अठारह मेरा है.”

शिशिरनं आवाज आणखी खाली आणला.

“अंकल, आप भी?”

“अरे मेरा मतलब, मैंने दिया है. रेलवे का तरीका है. उसका दिमाग ठीक है. मेरा भी ठीक है. उसकी माँ का एक मिनट पहले तक पता नहीं था, अब पता चला.”

“अंकल, साहब लोग ऐसे नहीं मानेंगे. आप लिखकर दे सकते हैं?”

लिहून! मारोतीरावांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा रंग आला. त्यांनी वेळ टाकली, अकरा एक्केचाळीस, आणि मेमो लिहिला की खालून आलेला नंबर १८ हा प्राणी नसून मी दिलेला आहे, खिडकी साफ आहे, गाडीस नियोजित वेळेपर्यंत थांबण्यास हरकत नाही. सही केली. साक्षीदार म्हणून भैय्यालालनी सही केली आणि हुद्दा लिहिला, ‘गार्ड’. मोबाईलवर फोटो गेला. अकरा अठ्ठेचाळीसला उत्तर आलं, आदेश रद्द, काम चालू.

शारदाबाईंनी भज्यांचं ताट समोर आपटलं. कोणी खाल्लं नाही. एक वाजून दहा मिनिटांनी गुंडीनं वजनं टाकली आणि रेघ वर चढायला लागली. चार हजार. तीन हजार. मारोतीराव ठिपके देत होते, भैय्यालाल सवयीनं मागच्या दाराकडं बघत होते. दोन हजारावर शारदाबाई स्वयंपाकघर सोडून तक्त्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. पाचशेवर त्यांनी नवऱ्याचा हात धरला, तोही पेन्सिलीचा, त्यामुळे शेवटची रेघ जरा वाकडी गेली. ती तशीच आहे.

तीन बावन्न.

भैय्यालाल उठले, दारात गेले आणि भर तात्यापाऱ्यात हात हलवून हिरवी झेंडी दाखवली. झेंडी हातात नव्हती. तरीही एक स्कूटरवाला थांबला आणि मग निघून गेला. शारदाबाई रडत रडत गार भजी खायला लागल्या. मारोतीराव हसत होते आणि ते थांबत नव्हतं. चालू असलेली गोष्ट.

साडेचारला स्नेहलचा फोन आला.

“बाबा! काय करून ठेवलं तुम्ही? डॉक्टरनी माझ्या डोळ्यात टॉर्च मारला. पंधराचा पाढा म्हणायला लावला!”

“आला?”

“आला न.”

“बेटा, खाली काय दिसलं?”

“चिखल.”

“अन्?”

“बस, चिखल. बाबा, पण काय सुंदर चिखल होता!” ती श्वास न घेता पुढं म्हणाली, “पुन्हा जायचं आहे मला. मार्चमध्ये.”

मारोतीरावांनी शारदाबाईंकडं पाहिलं. शारदाबाईंनी भैय्यालालकडं पाहिलं. भैय्यालाल म्हणाले, “हव.”

त्या संध्याकाळी, पोट भरून जेवल्यावर, मारोतीरावांनी कोरा कागद घेतला.

प्रति,
मा. सचिव महोदय,
समुद्रासंबंधीचा जो विभाग असेल तो.

विषय : समुद्रतळाशी स्टेशन उघडून अर्जदाराची तेथे नेमणूक करणेबाबत.

महोदय,
सविनय सादर की, बावन्नशे मीटरवर गाडी पोहोचते. मात्र ती घेण्यास तेथे कोणीही कर्मचारी हजर नसतो. ही बाब सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर आहे. तरी तेथे एक लहान स्टेशन उघडून अर्जदारास मास्तर म्हणून मार्चपूर्वी रुजू करून घ्यावे. अर्जदारास छत्तीस वर्षांचा अनुभव असून पगाराची अपेक्षा नाही. अर्जदाराची पत्नी सोबत येईल. तिला पोहता येत नाही, परंतु तळाशी त्याची गरज पडणार नाही असे कळते. एक निवृत्त गार्डही उपलब्ध आहेत. सबब, दोन खोल्यांचे क्वार्टर, शक्यतो कोरडे, मंजूर व्हावे, ही विनंती.