बंपरला आलेला ताप

४३

आकडा वर गेला की गर्दी श्वास रोखून धरते.

मैदानात मोठा पडदा लावलाय. पडद्यावर गाडीच्या डॅशबोर्डचा एक कोपरा, त्यात हिरवा आकडा. गाडी मधोमध भर उन्हात उभी, इंजिन चालू, काचा बंद. मागच्या सीटवर कोणाचे तरी म्हातारे वडील. अंग तापलं म्हणून पोरांनी आणून बसवलेत. बाहेर पारेबाबांचा चेला माइक घेऊन नाचतोय.

"माणूस खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल! यंत्र बोलेल का? कंपनीनं बसवलेलं यंत्र, आमचं नाही! त्रेचाळीस! आजोबांच्या अंगातला दाह गाडीनं अचूक ओळखला!"

त्रेचाळीस ताप चढलेला माणूस शुद्धीवर नसतो. आजोबा तर खिडकीतून मुलाला चपला नीट ठेवायला सांगत होते. पण ते कुणी पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे पडद्यावर.

गाडी हलली. पारेबाबा स्वतः चालवतात. मैदानाबाहेर पडून मोठ्या रस्त्यानं जरा लांब चक्कर. पडद्यावर बेचाळीस. चाळीस. अडतीस.

सदतीस.

सदतीस म्हणजे निरोगी अंग. बाबांनी तिथल्या तिथे गाडी थांबवली आणि किल्ली फिरवून बंद केली. आकडा विझला. टाळ्यांचा कडकडाट.

हा बाबा पूर्वी गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक ते कौतुकानं सांगत. गिऱ्हाइकाला गाडीत कसं बसवायचं आणि कुठे थांबायचं, एवढंच तो तिथे शिकला. पुढे तेवढंच पुरलं.

३७

दुसरा नंबर आमचा होता.

आमचा म्हणजे माझ्या दादाच्या मुलीचा. दोन वर्षांची, घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. विषमज्वराचं निदान झालेलं, औषध सुरू झालेलं. दादाचं शिवणकामाचं दुकान आहे. माप घेतल्याशिवाय तो कापडाला कात्री लावत नाही. असा माणूस चिमणीला मांडीवर घेऊन त्या गाडीत बसला, डॅशबोर्डवर सदतीस आलेलं पाहिलं, आणि घरी येऊन औषधाची बाटली मोरीत ओतली.

"दादा, अरे, औषध पूर्ण द्यायचं असतं! मधेच सोडलं तर ताप उलटतो."

"तू बोलणारच. औषधं विकतेस ना तू!"

झालं. मी औषधकंपनीची विक्री प्रतिनिधी आहे, दिवसभर गाडीतून दवाखाने पालथे घालते. माझं खरं बोलणंसुद्धा त्या दिवसापासून धंदा ठरलं.

३९.८

हा आकडा थर्मामीटरचा. दुसऱ्या दिवशी पहाटे, चिमणीच्या काखेत.

"तुझ्याच कंपनीचा असेल," दादा म्हणाला. "बाबा म्हणाले होते, घरात संशय असला की दाह परत येतो. आज पुन्हा नेऊ दुपारी."

"दुपारीच का? सकाळी का नाही?"

"सूर्य साक्षीला लागतो."

"आणि गेल्या थंडीत बाबांचा दरबार बंद का होता?"

"तप करत होते."

तो दुकान उघडायला गेला. चिमणी डोळे अर्धवट मिटून पडली होती. पाणी पाजलं तर ओठांच्या कडेनं गळत होतं. वहिनी तिच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. ती बाबाच्या बाजूची की माझ्या, मला कळत नव्हतं.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "गाडी म्हणते सदतीस. माझा हात नाही म्हणतो. मी कुणाचं ऐकू?"

चिमणीपाशी शेजारणीला बसवून मी तिचा हात धरून तिला खाली माझ्या गाडीपाशी नेलं.

४१, मग ३४

ही गोष्ट मी सांगतेय खरी, पण पुढचं मी रचलेलं नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं जाऊन पाहावं.

गाडी उन्हात उभी होती. इंजिन चालू ठेवून आम्ही नुसत्या बसून राहिलो. आकडा चढत गेला. एकेचाळीस.

"कुणाला ताप आलाय?" मी विचारलं.

वहिनी हसली नाही.

गाडी मोठ्या रस्त्याला घेतली, वेग धरला. एकेचाळीस, अडतीस, छत्तीस, चौतीस. तिथे थांबला.

"आता कोण बरं झालं?"

मी परत येऊन तिला गाडीच्या नाकापाशी वाकायला लावलं. पुढच्या जाळीमागे, बंपरच्या आतल्या बाजूला, वाटाण्याएवढा एक मणी असतो. तो तापला की त्यातून वीज सहज जाते, गार झाला की अडते. किती गेली हे मोजून गाडी आकडा दाखवते. मण्याला कळते फक्त त्याच्याभोवतीची हवा. गाडी उभी असली की इंजिनची आणि डांबराची धग त्याला लागते, आकडा चढतो. गाडी पळाली की मोकळा वारा लागतो, आकडा उतरतो. बाबा किल्ली फिरवतो म्हणून तो सदतीसला थांबतो, आणि थंडीत तर मुळात एवढा चढतच नाही.

"पण सगळ्या गाड्यांचं असं होत नाही," वहिनी म्हणाली. "माझ्या भावाच्या नव्या गाडीत आकडा उभ्या उभ्या चढत नाही."

"नव्या गाडीतला कॉम्प्युटर शहाणा असतो. गाडी उभी असली की चढत्या आकड्यावर तो विश्वासच ठेवत नाही. म्हणून तर बाबानं जुनी गाडी घेतलीय."

"आणि आत बसलेल्या माणसाचा?"

"आतल्या माणसाचा त्या मण्याला पत्ताच नाही. बंपरच्या मागे बसून चिमणीचा ताप कसा कळणार?"

वहिनीनं जाळीत बोट घालून तो मणी चाचपला. मग पदर खोचला. "मी पोरीला दवाखान्यात नेते. माझी आई तिच्यापाशी बसेल. ह्यांना आत्ता काही सांगू नका. त्यांना दुपारी सरळ मैदानातच बोलवा."

"कशाला?"

"माझं काम आहे बाबाशी."

पुन्हा ३७

"बेचाळीस!" चेला किंचाळला. "आजचा सर्वांत मोठा दाह! आई बघा, लेकराला छातीशी कसं धरून बसलीय!"

वहिनी मागच्या सीटवर होती. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं गाठोडं, तोंडावरही पदर. दादा गर्दीत माझ्या शेजारी, हात जोडून.

गाडी निघाली. गाडीतला आवाजही भोंग्यावर ऐकू येत होता.

"बाई, घाबरू नका," पारेबाबांचा आवाज. "उतरतोय. चाळीस. आता लेकरू शांत झालं, दिसतंय मला. अडतीस. डोळे उघडले त्यानं!"

गर्दीतून "बाबा, बाबा!" असा घोष उठला. दादाच्या डोळ्यांतून पाणी.

"सदतीस! हसलं! लेकरू हसलं!"

किल्ली फिरली. आकडा विझला. गाडी ढकलत मैदानात आणली गेली आणि वहिनी खाली उतरली. तिनं चेल्याच्या हातातला माइक घेतला. तोही गोंधळून देऊन बसला.

"बाबा, हसलं का?"

"हसलं, माउली."

"कुठल्या बाजूनं?"

तिनं चादर झटकली. आमच्या घरची उशी मातीत पडली.

पुढे बसलेले लोक उशी बघायला उठून उभे राहिले.

"चिमणी कुठंय?" दादाचा आवाज फुटला.

"दवाखान्यात. सलाईन लावलंय. तिनं डोळे उघडलेले नाहीत अजून. आणि हसलेली तर मुळीच नाही."

२२

हा आकडा मी काढला. बाबा गाडीत शिरून काच वर करत होते. किल्लीसाठी झटापट चालू होती, ती दोन बायांनी जिंकली. मी सोबत आणलेल्या बर्फाच्या पाण्यात भिजवलेला रुमाल जाळीत हात घालून त्या मण्यावर दाबला. त्यांतल्या एकीनं किल्ली फिरवली, पडदा उजळला. आकडा धडाधड खाली. तीस. सव्वीस. बावीस.

"बघा," मी ओरडले, "बाबांच्या हिशेबानं आता आत बसलेला माणूस मेलाय!"

आत बाबाच बसले होते.

काहीजण हसले. कालच्या आजोबांना आजही घेऊन आलेला मुलगा हसला नाही, त्यानं वडिलांच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि त्यांना उचलूनच निघाला. एकजण मात्र माझ्यापाशी येऊन म्हणाला, "उशीला ताप नसतो कशावरून?" असे लोक असतात, म्हणूनच असे बाबा असतात.

चिमणीचा ताप उतरायला वेळ लागला. एका चकरेत नाही, हळूहळू. रात्री चढायचा, सकाळी थोडा कमी व्हायचा. डॉक्टरीणबाईंनी दादाला सुनावलं, "अजून एक दिवस उशीर केला असतात तर पोरीच्या फ्रॉकची मापं घ्यायची वेळ पुन्हा आली नसती." शिंप्याला ते बरोबर लागलं. आता तो स्वतः थर्मामीटर लावतो, दोनदा वाचतो, माझ्या कंपनीचा असूनही.

पारेबाबा गाव सोडून गेले. दुसरीकडे दुसरा पडदा लावला असेल. म्हणून हे लिहिलं. तुम्हाला कोणी आकडा दाखवला तर नमस्कार करण्याआधी एकच विचारा: हे मोजतंय कुठे?

थर्मामीटर काखेत लावतात. बंपरला नाही.