काठावरची लाट

देविदास सरांना शेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेट हवी होती, कारण त्याशिवाय कॉलेजात बढती नव्हती. केसाच्या जाडीत आठशे मावतील एवढे चुंबक ते कॉम्प्युटरवर मांडत. आत अणूंच्या सुया एकीमागून एक झुकतात आणि लाट धावते. चुंबक गोल, लांबट की टोकदार, यावर तिची चाल ठरते. सरांना लंबगोल चुंबकाच्या काठावर अशी एक लाट सापडली होती, जी आजवर कुणालाच दिसली नव्हती. अख्खा प्रबंध तिच्या जिवावर उभा होता आणि सोमवारी हिंगोलीला बाइंडिंगला जाणार होता.

रविवारी सकाळी, साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या घरात, त्यांची बायको संगिताबाई चहा ठेवायला वाकल्या नि स्क्रीनकडं बघतच राहिल्या. टाके मोजून भरतकाम करण्यात त्यांची हयात गेलेली.

"ह्याच्या कडंला पायऱ्या काहून हायेत?"

"पायऱ्या न्हाईत. लंबगोल हाय तो."

"चौकटीत गोल भरला की पायऱ्याच होतात. चौकट बारीक घ्या लागते. गाइडनं सांगितलं न्हाई?"

गाइडनं अजून पहिलं प्रकरण वाचलं नव्हतं.

सर हसले. मग त्यांना चहा जाईना. कॉम्प्युटर चुंबकाचे चौकोनच पाडत होता, हे त्यांनी स्वतःच प्रकरण दोनमध्ये लिहिलं होतं. नऊ वाजता त्यांनी चौकोन निम्म्या आकाराचे करून गणित पुन्हा लावलं आणि येरझाऱ्या सुरू केल्या. दार, चूल, दार. इन्व्हर्टर चारदा बघितला.

"बसा की जरा. बाळंतपण हाय का आत?" संगिताबाई म्हणाल्या.

तीन वाजता आलेख आला. चुंबकाच्या मधोमध असणारी नेहमीची लाट जागच्या जागी. काठावर काहीच नव्हतं.

सरांनी गाइड विजयकुमार सरांना फोन लावला.

"सर, लाट गेली. पायऱ्यांची होती."

"मग जुनीच चौकट ठेवा. परीक्षक काय मोजत बसणारेत? शीर्षक मंजूर झालंय, त्यात लाट आहे. बदलायचं म्हणलं तर पुन्हा समिती. वर्ष जाईल."

फोन ठेवून देविदास सर बसले, उठले, पुन्हा बसले.

"काय म्हणले?" संगिताबाईंनी विचारलं.

"म्हणले, कोणी मोजत न्हाई."

"मी तर चहा ठेवता ठेवता मोजल्या."

सरांनी चौथ्या प्रकरणात दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. मग शीर्षक बदलण्याचा अर्ज काढला. कारणासाठी त्यात एकच ओळ सोडलेली होती. त्यांनी लिहिलं : लाट नव्हती.

ओळ अर्धी उरली.