ओल्या पोटाची ओळख

मी एक जुना दिवा आहे, मोटारीचा, डाव्या बाजूचा. सध्या कंपालाच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एका फळीवर बसलो आहे. मित्रांनो, माझी काच लख्ख आहे आणि पोट कोरडं आहे. हेच माझं दुर्दैव आहे.

माझा जन्म जपानच्या कारखान्यातला. गाडी जुनी झाली, तेव्हा जहाजात बसून आम्ही युगांडात आलो आणि काबालेच्या डोंगरातल्या कारेमेरा नावाच्या ड्रायव्हरच्या पदरी पडलो. तो पहाटे बायकांना बटाट्याच्या पोत्यांसकट बाजाराला न्यायचा. तिथलं धुकं असं, की चालणाऱ्याला स्वतःचे पाय दिसू नयेत. उजवा भाऊ समोरचं बघायचा आणि मी रस्त्याची डावी कड. सगळं गाव त्या कडेनेच चालायचं. शाळेची पोरं असायची, आणि डोक्यावर केळीचा घड घेतलेली, कानाने अधू अशी एक म्हातारी असायची. "हा डावा आहे म्हणून माझ्या हातून पाप घडत नाही," असं कारेमेरा बोनेटवर थाप मारून सांगायचा. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग शेजाऱ्याच्या गाडीचे दिवे चोरीला गेले. कारेमेराने ते ऐकलं मात्र, माझ्या कडेला दोन भोकं पाडली आणि लोखंडी पट्टी लावून मला स्क्रूंनी गाडीशी आवळून टाकलं. उजव्या भावाची पाळी येण्याआधीच ड्रिल मोडलं, म्हणून तो बिचारा सुटला.

"आता चोराच्या बापालाही निघायचा नाही!" कारेमेरा म्हणाला.

चोर आला नाही, पण धुकं आलं. त्याच भोकांतून ते आत शिरलं आणि काचेवर आतून थेंब धरले. माझा उजेड पिवळा पडला आणि कडेला पोचेनासा झाला. कारेमेरा मला बाहेरून पुसायचा, मागचं झाकण काढून उन्हात वाळवायचा. दुपारी मी कोरडा व्हायचो, पहाटे पुन्हा ओला. त्या स्क्रूंवर तर त्याचा भारी जीव, त्यांना तो रोज पिळून घट्ट करायचा. मी ओरडून काय सांगणार होतो? दिव्याला तोंड नसतं.

एका पहाटे ती म्हातारी मला दिसली, पण कारेमेराला दाखवता येईना. गाडी तिच्या अंगावर चालली होती.

"अहो, ब्रेक! म्हातारी!" शेजारी बसलेली त्याची बायको कोबुसिंग्ये किंचाळली.

घड रस्त्यात फुटला. म्हातारी थोडक्यात वाचली. कारेमेरा किती तरी वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. मी मात्र नुसता जळत राहिलो.

पुढे एका लग्नासाठी ते कंपालाला आले. मांडवाबाहेर गाडी उभी होती. चोराने उजव्या भावाकडे पाहिलंही नाही. एवढं बांधून ठेवलंय ते मोलाचंच असणार, असं त्याला वाटलं असावं. पहार घातली, मला उचकटलं आणि या बाजारात आणून विकलं. दुकानदाराने मला भट्टीत शेकून उघडलं, सुकवलं, भोकं बुजवली, काच घासली. कारेमेराला वर्षभर जमलं नाही ते या परक्याने एका दिवसात केलं.

इथे चोरीला गेलेली वस्तू शोधायला माणसं या बाजारातच येतात. तिसऱ्या दिवशी कारेमेरा आणि कोबुसिंग्ये आले. माझा जीव भांड्यात पडला.

तिने मला उचललं. "अहो, हा बघा. अगदी आपल्यासारखाच आहे."

"आपला?" कारेमेरा हसला. "आपल्याच्या पोटात कायम पाणी. हा तर कोरडा ठणठणीत. ठेव खाली."

मग त्याने कोपऱ्यातला एक पाणी धरलेला, मळकट दिवा उचलला. त्याची कडही तडकलेली. "हाच तो! बघ, थेंब!"

"सेबो, साहेब, तुमची नजर पक्की हं," दुकानदार म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं.

"चांगला समोर असताना ओला घेताय? डोकं ठिकाणावर आहे ना?" कोबुसिंग्ये म्हणाली.

"अगं, आपलं ते आपलं," म्हणत कारेमेराने तो दिवा छातीशी धरला आणि ते दोघं गर्दीत दिसेनासे झाले.

मित्रांनो, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला जरूर जपा, पण जपताना त्याला भोक पडत नाही ना, तेवढं बघा. आणि तुमच्यापैकी कुणी काबालेच्या रस्त्याने गेलंच, तर डाव्या कडेने एक म्हातारी चालत असेल. तिला ऐकू कमी येतं. तिच्या जवळ जाऊन सांगा, आजी, रस्त्यापासून जरा आत सरकून चाला.