मिशीवाली काकू

घरात तिला बारकी म्हणत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचली तरी बारकीच. तिनं ऑनर्सच्या प्रबंधासाठी लिंगभाव आणि लैंगिकता हा विषय घेतला, तेव्हा आईनं खोदून खोदून सगळं विचारून घेतलं. बाबांनी मात्र ओळखीपाळखीत 'समाजशास्त्रातलं काहीतरी करतेय' एवढ्यावर भागवलं. ते बसडेपोत मेकॅनिक होते. दिवसभर गाड्यांच्या पोटात डोकं घालून मोठमोठ्यानं बोलणारा माणूस, पण 'लैंगिकता' हा एक शब्द काही त्यांच्या तोंडून बाहेर पडत नव्हता.

बारकीचा प्रश्न तसा साधा होता. आपल्या भाषेत आईच्या बहिणीला वेगळा शब्द, वडिलांच्या बहिणीला वेगळा. नवऱ्याच्या धाकट्या भावाला शब्द, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालासुद्धा शब्द. मग दोन बायका किंवा दोन पुरुष एकत्र संसार करतात, तेव्हा त्यांतल्या आपल्या माणसाच्या जोडीदाराला नातेवाईक काय म्हणून हाक मारतात? वर्षभर ती अशा घरांमधून हिंडली, तासन् तास मुलाखती घेतल्या, त्या ऐकून ऐकून टाइप केल्या. प्रबंध जवळजवळ उभा राहिला होता. तिसरं प्रकरण तर तिचं सगळ्यात लाडकं. ते एका निवृत्त नर्सबाईंच्या मुलाखतीवर बेतलेलं होतं. त्यांच्या भावांनी आयुष्यभर त्यांच्या जोडीदारणीची ओळख 'भाडेकरू' अशी करून दिली होती.

प्रबंध द्यायला थोडेच दिवस उरले असताना नर्सबाईंचा फोन आला. आवाज शांत होता. माझी मुलाखत काढून टाक, म्हणाल्या. कारण सांगितलं नाही, आणि बारकीनं विचारलंही नाही. मुलाखत कधीही, कारण न देता मागे घेता येईल, असं संमतीपत्रावर कबूलच केलेलं होतं. फोन ठेवून ती तशीच कॉलेजला निघाली.

तिच्या मार्गदर्शक मॅडम कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये सापडल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, रेकॉर्डिंग पुसायचं, टाइप केलेलं पुसायचं, एक ओळसुद्धा ठेवायची नाही. मुदत हवी असेल तर मागून बघू. बारकीनं तिथंच, त्यांच्यासमोर, सगळं पुसलं. मुदत नको म्हणाली. घरी येऊन बघते तर तिसऱ्या प्रकरणाचं नुसतं शीर्षक उरलेलं.

आता ते भोक बुजवायचं कशानं? तिनं बाकीच्या मुलाखती पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतल्या. टाइप करताना तिनं एक चलाखी केली होती. सुरुवातीच्या इकडच्या तिकडच्या बोलण्याच्या जागी तिनं नुसतं 'गप्पा' असं लिहून तो भाग सोडून दिला होता. खरी मुलाखत त्यानंतर सुरू होते, अशी तिची समजूत. या वेळी ते सगळं कानावर पडू दिलं.

एक चष्म्याचे दुकानदार आणि त्यांचे जोडीदार, पोहायला शिकवणारे एक धिप्पाड गृहस्थ. गप्पांमध्ये चष्मेवाले पुतण्याचं कौतुक सांगत होते. पुतण्या चार वर्षांचा असताना पहिल्यांदा राहायला आला. सकाळी उठला, पोहणाऱ्या गृहस्थांकडे बोट दाखवून हे कोण म्हणून विचारायला लागला. मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग पोरानं आपलं आपणच कोडं सोडवलं: काकांच्या घरात राहते ती काकू.

"आणि मिश्या?" रेकॉर्डिंगमध्ये पोहणाऱ्यांनी विचारलं होतं.

"मिश्यांचं त्याला काहीच वाटलं नाही. आता बँकेत नोकरीला आहे, तरी फोनवर 'काकू आहे का' असंच विचारतो. पुढे त्याची आईपण म्हणायला लागली. मग सगळेच."

बारकी खुर्चीतून उठून उभी राहिली. पुन्हा बसली. तोच तुकडा परत ऐकला. मग दुसरी मुलाखत लावली. बेकरी चालवणाऱ्या दोघी. त्यांतल्या एकीच्या भाचीला मावशी होती पण आत्या नव्हती, म्हणून तिनं दुसरीला आत्या करून टाकलं होतं. आधी पोरीनं, मग सगळ्या घरानं. मोठ्यांच्या तोंडाला कुलूप होतं तिथं पोरांनी नात्यातली रिकामी जागा शोधली आणि माणूस नेऊन बसवला. आणि हे सगळं वर्षभर तिच्याच कानाशी होतं, 'गप्पा' या शब्दाखाली गाडलेलं.

ती जवळजवळ पळतच मॅडमकडे गेली. मॅडमनी हेडफोन लावला, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "छान आहे. म्हणूनच जपून. सगळ्यांना विचार. तुला आवडेल तेवढंच खरं मानू नकोस."

बारकीनं एकेका घराला फोन केले. बहुतेक ठिकाणी तेच निघालं. एका घरात मात्र नाही. दोघी शिवणकाम करणाऱ्या. जवळच्या नात्यात मूलच नव्हतं. त्यांतली एक म्हणाली, "मला हिच्या घरचं कुणी काही म्हणत नाही गं. 'अहो' म्हणतात आणि पुढचं बोलायला लागतात. इतकी वर्षं मी आपली 'अहो'."

हे घर गाळलं असतं तर प्रकरण कसं गोळीबंद झालं असतं. क्षणभर तिच्या मनात तसं आलंही. मग तिनं त्याच घरावर प्रकरणाचा शेवट केला. तिची बोटं कधी नव्हे इतकी भरभर चालत होती. आई ताट पुढ्यात ठेवून जायची आणि तसंच परत न्यायची. प्रबंध वेळेत गेला.

तोंडी परीक्षा घरच्यांनाही ऐकता येणार होती. आई प्रयोगशाळेत कामाला होती, त्या दिवशी तिची ड्युटी होती, म्हणून बाबा एकटेच आले, इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी एक धिप्पाड, मिशीवाले गृहस्थ आणि चष्मेवाले येऊन बसले. ते कोण हे खोलीत फक्त बारकीला ठाऊक. तिघांच्या गाडीच्या गिअरवर गप्पा रंगलेल्या बघून तिनं नजर पटकन हातातल्या कागदांकडे वळवली.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक होत्या. लोक जुन्या आठवणी गोड करून सांगतात, मग हे खरं कशावरून, असं त्यांनी विचारलं. बारकी म्हणाली, गोड करून सांगणारे असतीलही, म्हणून तर ज्यांच्याकडे सांगायला गोड काहीच नाही त्या दोघींना मी शेवटचं पान दिलं. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, ते पान उघडलं आणि बराच वेळ वाचत राहिल्या. मग विचारलं, हे पुढे वाढवणार का? बारकी बोलू लागली ती थांबेचना. शेवटी मॅडमनीच घड्याळाकडे बोट केलं.

ऑनर्स मिळाला, तोही विशेष गुणवत्तेसह. संदर्भसूचीतल्या चुका तेवढ्या सुधारून द्यायच्या होत्या.

बाहेर व्हरांड्यात पोहणारे गृहस्थ तिचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. बाबांनी त्यांना विचारलं, तुम्ही हिला कसे ओळखता?

सांगायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.

"मी तिसऱ्या प्रकरणात आहे," ते म्हणाले. "काकू."

बाबांनी त्यांच्या मिश्यांकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मग म्हणाले, "चांगली बोलली ना आमची बारकी? मला निम्मं कळलं, पण बोलली चांगली."

"पोरांनी शब्द दिला, हे बरोबर पकडलंय तिनं," चष्मेवाले म्हणाले. "आम्हाला स्वतःलासुद्धा कधी सुचलं नव्हतं."

परतीच्या बसमध्ये बाबांनी तिला खिडकीजवळ बसवलं. मग म्हणाले, "आता पहिल्यापासून सांग. पहिल्या प्रकरणात काय आहे?"

बारकी हातवारे करत सांगायला लागली. पुढच्या सीटवरची एक बाई मान वळवून ऐकू लागली. बाबा मध्येच थांबवत, समजलं नाही ते पुन्हा विचारत. त्यांचा थांबा आला तेव्हा कुठे दुसरं प्रकरण सुरू झालं होतं. दोघं उतरली, आणि बाबा नेहमीचा जवळचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं घराकडे वळले.